वरच्या कुरणाचं फाटक

"दोनच ओळी, बर्नी," पिप म्हणाली. "पितळेची पट्टी एवढीशीच असते. पंजाएवढी."

मी ओटा पुसत होतो. तो आधीच पुसलेला होता.

"टफी म्हणतो, 'हिचं या टेकड्यांवर प्रेम होतं' असं लिहू."

"टफीला सांग, प्रत्येक चढावर ती या टेकड्यांना शिव्या घालायची."

"त्या शिव्या पंजाएवढ्या पट्टीवर मावणार नाहीत," पिप म्हणाली आणि हसली. मग मी हसतोय का ते तिनं पाहिलं. मी किटलीत पाणी भरायला घेतलं. किटली भरलेलीच होती. पाणी ओट्यावर सांडलं, तेव्हा पुसायला पुन्हा काहीतरी मिळालं.

"अरे बस ना जरा. मार्चपासून मी तुला बसलेलं पाहिलं नाही."

"बसलो की उठावंसं वाटतं."

"आणि उठलास की?"

"निघावंसं वाटतं."

पिप आमच्या गुरुवारच्या सायकल गटातली, टफीही. शाळेत नर्स आहे. ताप आलेल्या पोराशी बोलावं तशी सगळ्यांशी बोलते, आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. माझी बायको थेल्मा त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात होती. दोघींची ओळख तिथली. थेल्मा गेल्यावर गटाची सगळी कामं पिपनं अंगावर घेतली. वरच्या कुरणाचं जुनं फाटक काढून तिथं थेल्माच्या नावाचं नवं बसवायचं, ही कल्पनाही तिचीच. आमच्याकडे ही पद्धत आहे. माणूस गेलं की कुणी बाक ठेवतं, कुणी झाड लावतं. घोडे-सायकली जातात त्या घोडवाटेवर फिरणारं माणूस असेल तर फाटक.

"बुधवारी नील पेलिंग जुनं काढतोय," पिप म्हणाली. "गुरुवारी सकाळी आपण सगळे वर जाऊ. पुढे तू राहायचंस."

"मी शेवटी असतो."

"आता शेवटी कुणी थांबायला लागणारच नाही. हे फाटक आपोआप बंद होतं. ढकललं, पुढे गेलं, की मागे आपलं आपण लागतं. कडीसुद्धा आपोआप पडते." घरी केलेला केक पुढे ठेवावा तसं तिनं ते सांगितलं.

मी खिळ्यावरचं हेल्मेट काढलं.

"कुठे निघालास?"

"टायरमधली हवा बघतो."

"हेल्मेट घालून?"

मी दाराबाहेर पडलो. ती मागून ओरडली, "पट्टीचं काय ते उद्यापर्यंत सांग. नाहीतर टफीचंच लिहीन!"

चर्चच्या मागून वाट वर चढते. आधी बीचच्या झाडांचं रान, मुळांची जाळी, ओला पाला. मग झाडं संपतात आणि खडू सुरू होतो. आमच्या टेकड्या आतून खडूच्याच आहेत. वर गवताची पातळ साल, खाली पांढरंशुभ्र. उंच म्हणावं असं काही नाही. पाहुणे खालून बघतात आणि म्हणतात, एवढंच ना? पण एक टेकडी संपते तिथं दुसरी सुरू होते आणि दिवसभर हे चालतं. कोरडा असला की खडू पिठासारखा उडतो. ओला झाला की साबण. त्यावर ब्रेक दाबायचा नाही. मी सगळी हयात बसच्या डेपोत ब्रेक बसवले, त्यामुळे हे शिकायला मला फार वेळ लागला. थेल्माला लागला नाही. ती ब्रेक फारसा दाबायचीच नाही.

तिची सायकल तिला चुकूनच मिळाली. गावच्या जत्रेत सोडतीची तिकिटं घेतली होती ती डुकराच्या धुरी दिलेल्या मांडीसाठी. मांडी पाद्रीबाईंना लागली आणि आमच्या पन्नाशीच्या थेल्माला लागली जाड टायरांची, डोंगरात चालवायची सायकल. घरी येईपर्यंत ती कुरकुरत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली ती पोटऱ्यांपर्यंत पांढरी होऊन, गुडघा फुटलेला, आणि दारातूनच म्हणाली, "बर्नी, तुझ्यासाठी एक बघ कुठे जुनी मिळते का." कशाला, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "फाटकं कोण बंद करणार?"

झालं. तेव्हापासून ती पुढे आणि मी मागे. गट नंतर जमला.

वरच्या कुरणाचं फाटक सगळ्यात वाईट. ओकचं, जड, बिजागरी झिजून एका बाजूला लोंबलेलं. उघडायला सोपं, थेल्मा पुढच्या चाकानं ढकलून, न उतरता निघून जायची. बंद करणं कठीण. खाली वाकून खांदा लावायचा, वर उचलायचं, गुडघ्यानं रेटायचं, मग कडी खाचेत पडायची. सुरुवातीच्या दिवसांत गटातल्या कुणीतरी ते नुसतं टेकवून ठेवलं. म्हाताऱ्या पेलिंगचे एडके त्या रात्री अवेळी मेंढ्यांत शिरले. कोकरं कडाक्याच्या थंडीत जन्मली, बरीच मेली. म्हातारा पबमध्ये आला आणि सगळ्यांसमोर थेल्माला नको नको ते बोलला. तिनं ऐकून घेतलं. ज्यानं फाटक टेकवलं होतं त्याचं नाव घेतलं नाही. पुढच्या गुरुवारपासून नियम झाला: शेवटी बर्नी. कडी पडली की त्यानं ओरडायचं, "बंद!" ते ऐकल्याशिवाय थेल्मा पुढे हलायची नाही.

फाटकाच्या पुढे वाट उताराला लागते. तिथं थोड्या अंतरावर ती पाय टेकून उभी राहायची, माझ्याकडे पाठ करून. सकाळचं ऊन मागून यायचं आणि पुढची पांढरी वाट नुसती चमकायची. ती मागे वळून कधीच बघायची नाही. सायकल चालवताना नाही आणि थांबलेली असतानाही नाही. नव्याने आलेल्यांनाही तेच शिकवायची, "डोळे जिकडं, चाक तिकडं. खड्ड्याकडं बघाल तर खड्ड्यात जाल. मागं तर बघूच नका, मागं बर्नी आहे." लोक हसायचे. मी "बंद!" म्हणायचो, ती डावा हात वर करायची आणि ब्रेक सोडायची.

मला नवं फाटक नको होतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पिपला सांगणार कसं? तिनं घरोघर जाऊन सगळं जमवलं होतं. गटातल्या म्हाताऱ्या बायकांनी जॅम करून विकला होता. पण बुधवार गेला की तिथं माझं काही कामच उरणार नव्हतं. घरी तसंही उरलं नव्हतं. एक बशी धुवायची, एक कप. तिची सायकल मागच्या खोलीत होती, टायरवर वाळलेला खडू तसाच. ती धुवायची नाही, एवढं ठरवलं होतं. आणि न धुणं हे काही काम होत नाही.

मंगळवारी सकाळी मी सरळ पेलिंगच्या गोठ्यावर गेलो. नवं फाटक भिंतीला टेकवून ठेवलं होतं. हलकं, नीट रंधा मारलेलं, बिजागरीला मोठी स्प्रिंग. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

म्हातारा पेलिंग केव्हाच गेला. आता त्याचा मुलगा नील बघतो सगळं. नोव्हेंबरात एडके मेंढ्यांत सोडतात. त्याआधी त्यांच्या छातीला लाल रंग फासतात, म्हणजे कुठल्या मेंढीपाशी जाऊन आला ते तिच्या पाठीवरून कळतं. नील त्याच कामात होता. कोपरापर्यंत लाल.

"बरा आलास," तो म्हणाला. "याला धर जरा. शिंगाखालून धर. हा फार शहाणा आहे."

मी एडका धरला. "नील, ते जुनं फाटक राहू दे आहे तसं."

"कुठलं? वरचं?"

"चालतंय की ते."

"चालतंय?" नील रंगाचा डबा हातात घेऊन तसाच उभा राहिला. "बर्नी, बाबा, ते फाटक या जगात फक्त तुझ्या हातानं बंद होतं. उन्हाळ्यात बाहेरचे सायकलवाले येतात, घोडेवाल्या बायका येतात, कुणाला जमत नाही. दोरीनं बांधून जातात. दोरीसुद्धा मेंढ्यांनी खाल्ली परवा."

"मी येत जाईन बंद करायला."

"रोज?"

"रोज येतोच की."

"माहितेय ते. बायको बघते खिडकीतून. रविवारी दोनदा आलास. उघडलंस, बंद केलंस, परत उघडलंस. आमचा कुत्रा हल्ली भुंकत नाही तुझ्यावर. त्याला वाटतं, तू इथंच कामाला आहेस."

तेवढ्यात एडक्यानं डोकं झटकलं आणि माझ्या उजव्या खांद्यातून कळ निघाली ती मानेपर्यंत गेली. मी सोडला नाही, पण तोंडातून आवाज निघाला.

नीलनं डबा खाली ठेवला आणि एडका माझ्याकडून घेतला. "तोच ना तो खांदा?"

"कुठला खांदा?"

"थेल्मा सांगायची तो."

"थेल्माला माझ्या खांद्याचं काही माहीत नव्हतं."

खरंच नव्हतं. मी तिला सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं मला शेवटी ठेवलं नसतं, दुसऱ्या कुणाला ठेवलं असतं. डॉक्टरलाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरची बायको पिपबरोबर गाण्याच्या मंडळात असते.

"माहीत नव्हतं?" नील म्हणाला. "तीन हिवाळे माझ्या मागे लागली होती ती. नील, ते फाटक बदल. नील, त्याचा खांदा गेलाय. मी म्हणायचो, हो हो, पुढच्या वर्षी. अगं, वडिलांच्या हातचं फाटक आहे, म्हणायचो. एकदा तर इथं, या दारापाशी तिनं मला करून दाखवलं. असा डावा हात आधी टेकवतो, म्हणाली, मग थांबतो, श्वास घेतो, मग उजवा खांदा लावतो आणि उचलताना पाय असा घासतो. हुबेहूब तू. मी हसलो. तर चिडली माझ्यावर. म्हणाली, हसतोस काय, तो मला सांगणार नाही आणि मी त्याला विचारणार नाही, तेव्हा तूच बदल."

"ती मागे वळून बघायची नाही," मी म्हणालो. "कधीच नाही. कुणालाही विचार."

"ते मला काय ठाऊक, बाबा. मी आपलं सांगतोय ते." त्यानं एडक्याच्या छातीला रंग फासला आणि त्याला ढकलून दिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती होती तोवर मी बदललं नाही. पिप आली तेव्हा लगेच हो म्हटलं. आता तू सांगत असशील तर राहू देतो. फाटक तुझ्या बायकोच्या नावाचं आहे. तू सांगशील तसं."

तो थांबला. खरंच थांबला होता. मी नाही म्हटलं असतं तर ते फाटक अजून तिथं असतं.

"नीट बसव," मी म्हणालो. "खांब खोल घाल. खडूत खांब हलतो."

घरी गेलो आणि पिपला फोन केला. "नुसतं नाव घाल," म्हणालो. "थेल्मा होड. बाकी काही नको."

"एवढंच?"

"एवढंच."

"टफी रुसेल."

"रुसू दे."

त्या दिवशी पुन्हा वर गेलो नाही. घरात फिरत राहिलो. वर, खाली, मागच्या खोलीत. तिला कसं कळलं? रात्री कण्हत असेन का झोपेत? पण झोपेत कण्हणारा माणूस डावा हात आधी टेकवतो हे कसं कळणार? कोट घालताना, बाटलीचं झाकण उघडताना मी काय करतो ते करून पाहिलं, आरशासमोर. काही लक्षात आलं नाही.

गुरुवारी कडक थंडी होती आणि आभाळ स्वच्छ. रात्री हिव पडून सगळ्यावर बर्फाचा पांढरा थर धरला होता. खडूची वाट टणक झाली होती, चाकाखाली करकरत होती. सगळे आले. टफीसुद्धा आला. तो निवृत्त पोस्टमन आहे, कमरेत वाकलेला, सायकलवर बसला की सरळ दिसतो. चढावर कुणी बोललं नाही. थेल्मा असती तर तिनं शिव्या दिल्या असत्या. वर पोचल्यावर टफीनंच त्या दिल्या, मोठ्यानं, तिच्याच शब्दांत, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

नील फाटकापाशी उभा होता, टोपी हातात घेऊन. हात धुतले होते, पण नखांत लाल राहिलंच होतं. जुनं फाटक कुंपणाला टेकवून ठेवलेलं होतं. आडवं ते लहान दिसत होतं. नव्याच्या वरच्या दांडीवर पट्टी होती. सगळ्यांनी एकेक करून वाचली, म्हणजे तेच दोन शब्द वाचले.

"नाव छोटं आणि स्क्रू मोठे," टफी म्हणाला. "मी सांगत होतो."

"तुझ्या वेळी तू हवं तेवढं लिही," पिप म्हणाली. "मोठं फाटक आणू."

मग तिनं मला बोलायला सांगितलं. मी म्हणालो, "आलात, बरं केलंत." नीलनं टोपी घातली. बायकांपैकी कुणीतरी नाक शिंकरलं.

"चल बर्नी," पिप म्हणाली. "पुढे हो."

मी सायकलवर बसलो. पुढचं चाक फाटकाला टेकवलं आणि ढकललं, जसं ती ढकलायची. उघडलं. न उतरता गेलो. इतक्या वर्षांत त्या फाटकातून मी सायकलवर बसून कधी गेलो नव्हतो. वाट उताराला लागली तशी सायकल आपोआप धावायला लागली, आणि थोडं पुढे गेल्यावर मी ब्रेक दाबला. ठरवून नाही. तिथं गवत पार झिजून गेलं आहे, खडू उघडा पडला आहे, घरातल्या सतरंजीएवढा. ती उभी राहायची ती जागा. मी डावा पाय टेकला.

मागे वळून बघितलं नाही. मागून ते येत होते. समोर वाट होती, हिवानं आणखी पांढरी झालेली.

तिच्यावर सावल्या पडल्या होत्या.

ऊन आमच्या पाठीशी होतं, अगदी खाली. फाटकाची सावली माझ्या बाजूनं पुढे जाऊन उतारावर लांबच लांब पसरली होती, एकेक दांडी मोजता येईल इतकी स्पष्ट. त्यातून माणसं येत होती. वाकलेला तो टफी. हेल्मेटखालून शेपटी उडतेय ती पिप. पिपनं नाकाला रुमाल लावला, तेही दिसलं. नीलनं खांबाला हात लावून तो हलतोय का ते पाहिलं, तेही दिसलं. काळ्यावर पांढरं लिहितात शाळेत, तसं इथं पांढऱ्यावर काळं. वळायची काही गरज नव्हती.

डावा हात आधी टेकवतो. मग थांबतो. श्वास घेतो.

हिवाळ्यामागून हिवाळे, दर गुरुवारी, ती इथं उभी राहून ते बघत होती. आणि मी "बंद!" म्हटलं की हात वर करत होती.

"काय रे म्हाताऱ्या?" टफी माझ्यामागे येऊन थांबला. "रस्ता विसरलास का?"

"थांब जरा," मी म्हणालो. "सगळे येऊ देत."

ते माझ्यामागे रांगेनं थांबले. शेवटची सावली फाटकातून बाहेर आली आणि आमच्या सावल्यांत मिसळली. नील कुंपणाकडे, जुन्या फाटकापाशी गेला. उघडं फाटक थोडं थांबलं आणि मग कुणी हात न लावता हळूहळू परत फिरलं. त्याची सावली वाटेवरून सरकत गेली आणि खांबाच्या सावलीला जाऊन मिळाली. मागे कडी पडल्याचा बारीकसा आवाज आला.

फाटकापाशी कुणी नव्हतं. मी डावा हात वर केला आणि ब्रेक सोडले.